डागाची कड

पैठणी काउंटरवर आली की कसलेला ड्रायक्लीनर आधी पदराकडे बघत नाही. पदर सगळेच बघतात. मोर, मुनिया, आसावली, नारळी काठ हे कौतुक येवल्या-पैठणच्या विणकराच्या वाट्याचं, त्यात याला रस नाही. हा साडी उलटी करतो आणि खालच्या काठाला फॉल लावलेला असतो तिथून वाचायला लागतो. फॉलच्या कडेला मांडवातली धूळ असते, क्वचित वाळलेला चिखल. पण त्याची नजर असते ती चुण्यांवर. फॉलचं सुती कापड पाण्याने आटतं, रेशीम तेवढं आटत नाही. मग काठ फॉलच्या मापात बसत नाही आणि बारीक चुण्या धरतो. त्या चुण्या दिसल्या की त्याला समजतं, ही साडी कधीतरी घरच्या बादलीत जाऊन आलेली आहे. मालकिणीला विचारायचीही गरज नाही.

मग तो वर सरकतो. कमरेला खोचतात त्या पट्ट्यात घाम शोधतो. निऱ्यांच्या घड्या जिथे मोडतात तिथे जरी विरलीय का, हे बोटाच्या पेराने चाचपतो. डाव्या खांद्याच्या जागी पिनांची भोकं बघतो, एखादा धागा ओढला गेलाय का तेही. जेवायला बसल्यावर पदराचा जो भाग मांडीवर येतो, तिथे वरण, श्रीखंड, मठ्ठा यांचा मुक्काम असणारच, म्हणून ती जागा तो दोनदा बघतो: एकदा ट्यूबखाली आणि एकदा दाराशी नेऊन उन्हाच्या उजेडात, कारण फिकट पिवळा डाग दिव्याच्या पिवळट उजेडात सरळ लपून जातो. शेवटी साडी नाकाशी नेतो. अत्तर, कपाटातला दमटपणा, डांबरगोळ्या यांचा वास डोळ्यांना न दिसणारी हकिकत सांगतो. हे सगळं मिनिटभरात होतं, आणि समोरच्या बाईंना वाटतं की हा नुसती साडी मोजून घेतोय.

त्यानंतरचा संवाद ऐकण्यासारखा असतो.

“काकू, ह्याच्यावर काय सांडलं होतं?”

“काही नाही हो, मठ्ठा. पण मी लगेच पाणी लावलं.”

“चोळलं का?”

“जरासं.”

या ‘जरासं’वर त्याचं पेन थांबतं. मठ्ठ्याने पैठणीचं फार बिघडत नाही. ते काढता येतं. ओल्या रेशमाला रुमालाने घासलं की मात्र धाग्याच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म तंतू सुटे होतात आणि उजेड विखुरतात. तेवढा भाग पांढरट, झिजल्यासारखा दिसतो. लोक म्हणतात रंग गेला. रंग तिथेच असतो, तंतू पिंजारलेले असतात, आणि पिंजारलेला तंतू पुन्हा गुळगुळीत करणारं द्रव्य अजून कुठल्याही बाटलीत मिळत नाही. पावतीवर तो लिहितो: ‘पदर – दही डाग, घासलेला.’ शेवटचा एक शब्द. पुढे ‘तुम्हीच खराब केलीत’ म्हणून होऊ शकणारं भांडण त्या एका शब्दात मिटवून ठेवलेलं असतं, आणि आतल्या टेबलावरच्या कारागिराला हात कुठे आवरायचा तेही सांगून ठेवलेलं असतं.

पावतीवरचे हे शेरे हा स्वतंत्र लेखनप्रकार आहे असं मला वाटतं. मागच्या बाजूला छापलेले नियम, म्हणजे जरी काळी पडल्यास जबाबदार नाही, डाग निघण्याची हमी नाही, महिन्याच्या आत कपडे न्यावेत, हे सगळ्या दुकानांचे थोड्याफार फरकाने सारखेच. दुकानाची पत कळते ती पुढच्या बाजूच्या हस्ताक्षरावरून. ‘कोट १’ असं लिहिणारा कपडे गोळा करतो. ‘कोट काळा, बाही बटण १ कमी, अस्तर काखेत उसवलं, कॉलर तेल’ असं लिहिणाऱ्याने कोट वाचलेला असतो. आता मोबाइलवर बोलावलं की दारात येऊन पिशवी घेऊन जाणारी मुलं आली आहेत. सोय मोठी आहे, मीही वापरतो. पण त्या मुलाला ‘चोळलं का?’ हे विचारायला सवडही नसते आणि त्याचं ते कामही नाही. मग ‘जरासं’ हा शब्द कारखान्यापर्यंत पोचतच नाही.

कपडा कुणाचा, ही खूण करण्याची पद्धतही बघण्यासारखी. आपल्याकडे परीट पन्नास घरांचे कपडे एकाच पाण्यात धुऊन पन्नास घरी बिनचूक पोचवत, त्यामागे बिब्बा होता. बिब्ब्याचा रस कापडावर टोचला आणि चुना लावला की काळी खूण उठते ती पाण्याने, साबणाने, उन्हाने जात नाही. रस असा जहाल की अंगावर उततो, पण सदऱ्याच्या कॉलरच्या आत, धोतराच्या कोपऱ्यात दोन ठिपके आणि एक रेघ एवढीच खूण असे, आणि ती त्या घराची कायमची नाममुद्रा ठरे. आता बिब्बा गेला; नंबर छापलेली न फाटणारी पट्टी आली. ही पट्टी कुठे अडकवली आहे ते एकदा पाहा. घाईचं दुकान ती स्टेपलरने ठोकतं. रेशमात दोन भोकं पडतात आणि पिन गंजली की दोन तांबूस ठिपके. जाणता माणूस शर्टाची पट्टी कॉलरच्या काजातून घेतो, पॅन्टची पट्ट्याच्या लूपमधून, आणि साडीची पट्टी दोऱ्याने फॉलच्या टाक्यात अडकवतो. सुई रेशमाला शिवतच नाही. ग्राहकाला हे कधीच कळत नाही, कारण घरी आल्यावर तो पट्टी कात्रीने कापून फेकून देतो.

हा धंदा मुळात निघाला शिंप्यांच्या अडचणीतून. न्यूयॉर्कमध्ये टॉमस जेनिंग्ज नावाचा कृष्णवर्णीय शिंपी होता. त्याने शिवलेले उंची कपडे गिऱ्हाइकं मळवून परत आणत आणि धुतले की ते बिघडत. वेगवेगळी द्रावणं लावून बघता बघता त्याने ‘कोरड्या घासणी’ची रीत बसवली आणि 3 मार्च 1821 रोजी तिचं पेटंट घेतलं. अमेरिकेत पेटंट मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय मानला जातो, आणि मिळालेला पैसा त्याने आपल्या माणसांना गुलामीतून सोडवायला वापरला. 1836 मध्ये पेटंट कचेरीला आग लागली आणि त्याची कृती कागदासकट जळून गेली. मला यातला योगायोग फार आवडतो: त्याच सुमारास, 1821 मध्येच, लंडनच्या प्रयोगशाळेत मायकेल फॅरेडेने टेट्राक्लोरोइथिलीन नावाचं द्रव्य पहिल्यांदा तयार केलं. कपड्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. शंभर वर्षं उलटून गेल्यावर, 1930च्या दशकात, तेच द्रव्य ‘पर्क’ या लाडक्या नावाने जगभरच्या ड्रायक्लीनरांच्या यंत्रात शिरलं. मधल्या काळात टर्पेंटाइन, बेंझिन, पेट्रोल यांच्यावर काम चाले आणि आगी लागत. पॅरिसच्या झां-बाप्तिस्त जोलीच्या घरी मोलकरणीने दिवा टेबलक्लॉथवर सांडला आणि तेवढंच कापड स्वच्छ झालं, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. गोष्ट गोड आहे. माझं मत जेनिंग्जला. त्याच्यामागे गिऱ्हाइकाची तक्रार होती, आणि चांगली कारागिरी अपघातापेक्षा तक्रारीतून जास्त वेळा जन्मते.

‘ड्राय’ म्हणतात म्हणून त्यात काही कोरडं नसतं. कपडे चांगले चिंब होतात, फक्त पाण्याने होत नाहीत. पाणी रेशमाच्या, लोकरीच्या, सुताच्या तंतूत आत शिरतं आणि तंतू फुगवतं. फुगलेला तंतू हलतो, सरकतो, रंग सोडतो, वाळताना आकसतो. पर्क किंवा आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी वापरतात ते मिनरल टर्पेंटाइन, ज्याला धंद्यात एमटीओ म्हणतात, तंतूला फुगवत नाही. ते तंतूच्या अंगावरून वाहतं आणि तेलकट मळ तेवढा घेऊन जातं. कोटाची शिवण, निरीची घडी, काठाचा ताण यांना ते हात लावत नाही. पर्क पाण्याच्या दीडपटीहून जड. ड्रममध्ये कपडा वर जाऊन खाली पडतो तेव्हा त्या वजनाचा मार बसतो आणि मळ सुटतो. ते पेटत नाही आणि 121 अंशांना उकळतं, म्हणून मळकं द्रव्य उकळून, वाफ थंड करून पुन्हा स्वच्छ करता येतं. तळाशी उरतो काळा चिकट गाळ, म्हणजे गावभरच्या कॉलरींचं तेल. एमटीओ हलकं, कपड्याला मवाळ, पण पेटणारं, म्हणून तशा दुकानात विडी ओढणाऱ्याला बाहेर काढतात. पर्कचे दिवस भरत आले आहेत हेही खरं. ते जमिनीत मुरून विहिरींपर्यंत पोचतं, श्वासातून यकृतापर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ वर्गात ठेवलंय, कॅलिफोर्नियाने ते यंत्रांतून घालवलं आणि डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ड्रायक्लीनिंगमधून ते दहा वर्षांत काढायचं ठरवलं.

यंत्राबद्दल याहून जास्त लिहिण्यात अर्थ नाही. यंत्र दोन दुकानांत एकसारखं असू शकतं, त्याची मजा मर्यादित. पण यंत्रात घालण्याआधीची वाटणी बघा. गडद वेगळे, फिके वेगळे, हे घरीही करतात. इथे बटणंही वाचली जातात. काही बटणं पॉलिस्टायरीनची असतात. पर्कमध्ये ती विरघळतात आणि शेजारच्या रेशमी ब्लाउजवर चिकट ठसा उमटवतात. म्हणून शंका आली की बटण काढून ठेवायचं, नाहीतर त्यावर कापड बांधायचं. टिकल्या गोंदाने चिकटवलेल्या असतील तर कपडा यंत्रात जातच नाही, हाताने होतो. लेबलवरच्या गोलात पी असेल तर पर्क चालेल, एफ असेल तर फक्त हलकं पेट्रोलजन्य द्रव्य, गोलावर फुली असेल तर काहीच नाही. गोलाखाली रेघ असेल तर हळू. पण आपल्याकडे निम्म्याहून जास्त कपडे शिंप्याकडून किंवा मागावरून येतात, त्यांना लेबल कुठलं? अशा वेळी तो शिवणीच्या आतून एक धागा काढतो आणि काडीने पेटवतो. केस जळल्याचा वास आणि बोटात चुरा होणारी राख: रेशीम. वितळून टोकाला टणक गोळी: पॉलिस्टर, दुकानदाराने काहीही सांगितलेलं असो. एका धाग्याची राख बोटांत चुरगाळून हा माणूस जे सांगतो, ते साडीच्या किमतीच्या चिठ्ठीने सांगितलेलं नसतं.

आता ज्या टेबलासाठी मी हे सगळं लिहितोय तिथे येऊ. डाग काढायचं टेबल, धंद्यात स्पॉटिंग टेबल. अरुंद, एका टोकाला निमुळतं. पृष्ठभागाला जाळी, खालून हवा ओढणारं यंत्र, वरून टांगलेली वाफेची आणि हवेची गन, बाजूला पाच-सहा बाटल्या, एक मऊ ब्रश आणि चपटी पातळ पट्टी. ही पट्टी पूर्वी खरोखर हाडाची असे. आता प्लॅस्टिकची आली तरी जुने हात तिला हाडच म्हणतात. या टेबलावरचा माणूस दुकानातला सगळ्यात कमी बोलणारा असतो आणि त्याचा पगार, निदान चांगल्या दुकानात, सगळ्यात जास्त.

त्याची पहिली हालचाल डागापासून दूर असते. फॉलच्या आत, जिथे कुणी बघणार नाही, तो द्रावणाचा एक थेंब टाकतो आणि पांढरं कापड दाबतो. कापडावर साडीचा रंग उमटला तर ती बाटली मागे जाते. न उमटला तर पुढे. साडीच्या खालीही पांढरं टिपकापड असतं: डागाला वर ओढायचं नाही, खाली सोडायचं. मग तो डाग कुठल्या कुळातला ते ठरवतो. तेल, तूप, मेकअप हे यंत्रातच जाणार, त्यांच्यासाठी इथे वेळ घालवायचा नाही. दूध, दही, अंडं, रक्त ही प्रथिनं. त्यांना उष्णता दाखवली की ती शिजून तंतूला चिकटतात, म्हणून गन बंद. चहा, कॉफी, फळाचा रस, पानातला कात हे तुरट कुळ. त्यांना थोडं आम्लाचं द्रावण लागतं. आणि सगळ्यात फसवं म्हणजे साखर. सरबत सांडलं, वाळलं, डाग दिसलाच नाही. साखर पर्कमध्ये विरघळत नाही, म्हणून यंत्रातूनही ती तशीच बाहेर येते. मग वर गरम इस्त्री फिरली की ती करपते, आणि जिथे काही नव्हतं तिथे तांबूस वर्तुळ उगवतं. गिऱ्हाइकाला वाटतं ड्रायक्लीनरने डाग पाडला. म्हणून काउंटरवर ‘काही सांडलं होतं का?’ हा प्रश्न डाग दिसत नसतानाही विचारायचा असतो. त्या प्रश्नातलं शास्त्र विचारणारा मिरवत नाही; आपल्याला तो चौकसपणा वाटतो.

आणि आता हाताची चाल. डाग काढायला गेलं की आपला हात मध्यावर जातो, तिथेच चोळतो, ओलं वर्तुळ वाढत बाहेर पसरतं. वाळताना काय होतं? ओलाव्याच्या सीमेवर पाणी लवकर उडतं, आतलं पाणी तिकडे ओढलं जातं आणि विरघळलेला मळ सोबत नेऊन कडेला जमा करतं. डाग जातो, पण त्याची कड राहते. कधीकधी ती डागापेक्षा वाईट दिसते. टेबलावरचा माणूस म्हणून बाहेरून आत येतो. डागाच्या सीमेच्या पलीकडून सुरुवात, टिपत टिपत मध्याकडे. हाडाची पट्टी उभी कधीच नाही, जवळजवळ आडवी, आणि दाब इतका की खालचं टिपकापड ओलं व्हावं, पण साडीचा विणीतला एकही धागा सरकू नये. पैठणीच्या पदरावर तर याचं महत्त्व दुप्पट. तिथली नक्षी रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेली असते, म्हणून मागच्या बाजूलाही मोर तसाच दिसतो, मागे मोकळे दोरे लोंबत नाहीत. पण त्याचाच अर्थ असा की दोन रंगांच्या सीमेवर घासलं तर दोन्ही रंगांचे धागे पिंजारतात.

शेवटी वाळवणं. हवेची गन तो चार-पाच बोटं लांब धरतो आणि झोत कधी मध्यावर सोडत नाही. कडेवरून गोल फिरवत फिरवत, ओलाव्याची सीमा दर फेरीला आणखी फिकी, आणखी रुंद करत जातो. आलापात शेवटचा स्वर गायक कुठे सोडतो ते नेमकं दाखवता येऊ नये, तशी ती कड कापडात विरून जाते. दोन मिनिटांनी त्या जागेवर बोट ठेवायला सांगितलं तर खुद्द मालकिणीलाही जमणार नाही. कलाकुसर अशी की तिचं यश म्हणजे तिची खूण नसणं, आणि तरीही ती पाहिली की हाताला वाहवा द्यावीशी वाटते.

हळदीच्या डागाबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे, कारण लग्नसराईत या टेबलावर त्याचंच राज्य. हळदीच्या समारंभाहून आलेले पांढरे कुर्ते आणि उपरणी काउंटरवर थरावर थर पडलेली असतात. घरी कुणीतरी साबण लावलेला असतो आणि पिवळा डाग लालभडक झालेला असतो. मग घरात घबराट. यात चमत्कार काही नाही. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो; हळदीचं कुंकू होतं ते याच गुणावर, आणि साबणाच्या अल्कलीने कुर्त्यावर घरगुती कुंकू तयार झालेलं असतं. कारागीर आधी सौम्य आम्लाचा थेंब देऊन लाल डाग पुन्हा पिवळा करतो. गिऱ्हाइकाला हे उलट जाणं वाटेल. त्याच्या दृष्टीने डाग आता मूळ रूपात आला, आता त्याच्याशी बोलता येईल. मग अल्कोहोलचं द्रावण, कारण हा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. उरलेली फिकट पिवळी झाक तो काढतच नाही. कुर्ता पांढरा सुती असेल तर तो उन्हात टाकतो, कारण हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. ऊन विनामूल्य आहे आणि त्याच्या सगळ्या बाटल्यांपेक्षा सभ्य आहे. साडी रंगीत रेशमाची असेल तर ऊन वर्ज्य, रेशमाचाही रंग उडेल. म्हणजे एकाच डागावर एका कापडाला ऊन दाखवायचं आणि दुसऱ्याला ते दिसूही द्यायचं नाही. रेशमावर घरच्या ब्लीचचा थेंब तर कुठल्याच परिस्थितीत नाही. ते रेशीम खाऊन टाकतं, आधी पिवळं, मग भोक.

जरीबाबत त्याचा हात आणखी आखडता. खऱ्या जरीत रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा. स्वस्त जरीत चांदीच्या जागी तांबं, आणखी स्वस्तात प्लॅस्टिकची चकचकीत पट्टी. खरी जरी हवेतल्या गंधकामुळे काळवंडते. बायका येऊन म्हणतात, “दादा, जरी उजळून द्या ना.” उजळता येते. आंबट द्रव्याने घासली की लख्ख होते, पण तो मुलामा इतका पातळ असतो की काळेपणाबरोबर तोही जातो, आणि पुढच्या वर्षी काठ आधीपेक्षा काळा. चांगला ड्रायक्लीनर जरीची फक्त धूळ आणि तेल काढतो. उजळण्याचे जास्तीचे पैसे त्याला मिळाले असते, ते तो घेत नाही. बाई जरा नाराज होऊन जातात, पण आजेसासूची पैठणी तिच्या जुन्या, किंचित मंद सोन्याच्या रंगात शाबूत राहते.

इस्त्रीकडे बहुतेक लोक शेवटचं काम म्हणून बघतात, म्हणून ती मी थोडक्यात उरकतो, एक कोट आणि एक साडी. कोटाची लॅपल कॉलरपासून पहिल्या बटणापर्यंत गोलाकार वळत येते. त्या वळणात शिंप्याचं आतलं कॅनव्हासचं काम असतं. वाईट इस्त्री लॅपल सपाट दाबून तिथे धारदार घडी पाडते, आणि पाच हजारांचा कोट गणवेशासारखा दिसू लागतो. चांगला इस्त्रीवाला वर कापड टाकून वाफ देतो, म्हणजे लोकरीवर चकाकी येत नाही, मग खालून हवा ओढून तिथल्या तिथे थंड करतो. लॅपलला तो इस्त्री टेकवत नाही, वाफेत हाताने वळवतो. पॅन्टची क्रीज घालताना आतली आणि बाहेरची शिवण एकावर एक आणतो. पाय दोन बोटं जरी फिरला तरी माणूस चालताना क्रीज पोटरीकडे पळते. आणि साडीची चरख, म्हणजे रोल प्रेस: दोघं जण दोन्ही काठ धरून ताणत साडी गरम रुळांतून सोडतात, चुण्या जातात, कापडाला तजेला येतो. सुती साडीला खळ, रेशमाला नुसता हलका हात. पण जरीचा भरगच्च पदर जाणते हात रुळात घालत नाहीत. रुळाच्या दाबाने जरी चपटी होते, तिचा उठाव मरतो, म्हणून पदर उलटा करून, कापड टाकून, हाताने वाफ. अर्धी साडी यंत्राने आणि पदर हाताने, आणि दोन्हींच्या मधला सांधा दिसत नाही.

घडीसुद्धा नेहमीच्या रेषेवर घालत नाहीत. वर्षानुवर्षं एकाच जागी मोडली की जरीची तार तिथेच तुटते. म्हणून जुन्या घडीची रेघ टाळून, पदर आत, आणि मधे पांढरं मलमल.

आणि कधीकधी पावतीबरोबर एक चिठ्ठी टाचलेली येते: ‘दही डाग निघाला. घासलेला भाग तसाच. जास्त केल्यास धागा जाईल.’ धंद्याच्या दृष्टीने ही चिठ्ठी तोट्याची. तो भाग रंगाने लपवता आला असता, निदान दुकानातल्या ट्यूबखाली. तीन लग्नांनंतर रंग उतरला असता आणि तोवर पावती हरवलेली असती. चिठ्ठीवरची तीन वाक्यं म्हणजे टेबलावरच्या त्या मुक्या माणसाची सगळी टीका, आणि तीही काउंटरवाल्याच्या अक्षरात, कारण स्वतः लिहायला त्याला सवड नसते.

काउंटरवर साडी देताना मालक आठवण करतो.

“काकू, ही प्लॅस्टिकची पिशवी फक्त घरी न्यायला. गेल्यावर काढा. थोडा वेळ वाऱ्यावर ठेवा, मग मलमलमध्ये गुंडाळून कपाटात. दर पावसाळ्यानंतर घडी बदला.”

काकू मान हलवतात. घरी येऊन साडी पिशवीसकट कपाटात ठेवतात, कारण, त्यांच्या मते, आत्ताच तर ड्रायक्लीन करून आणलीय.